ब्रेकवरचा पाय

पांढुर्ण्यात कोणी नवी गाडी घेतली की ती आधी पुंडलिकराव ड्रायव्हरच्या दारात येते आणि मग जामसांवलीच्या मारुतीला जाते. निदान त्यांच्या मोहल्ल्यात तरी हाच क्रम आहे. पुंडलिकराव ओट्यावरून उठतात, चपला बाहेर काढून गाडीत बसतात, क्लच तीनदा दाबतात, इंजिनाला कान देतात आणि म्हणतात, "बरी हाये." एवढंच. या दोन शब्दांसाठी लोक पेढ्याचा डबा घेऊन येतात. एका शहाण्यानं तर विमा काढायचा सोडून आधी पुंडलिकरावांना गाडी दाखवली. वर म्हणतो कसा, विमा तर मेल्यावर पैसे देते, पुंडलिकभाऊ मरूच देत नाही! आता अशा माणसाला काय सांगावं?

पण मान काही फुकटचा नव्हता. एकतीस वर्षं पुंडलिकरावांनी पांढुर्णा–सौसर–छिंदवाडा अशी प्रायव्हेट बस चालवली. तेवढ्या काळात मालक तीन झाले, गाड्या पाच झाल्या, ड्रायव्हर एकच. बायाबापड्या स्टँडवर आधी विचारायच्या, "आज डायवर कोन हाये?" पुंडलिकभाऊ नसले तर तासभर बसून राहायच्या, पण दुसऱ्याच्या गाडीत पाय ठेवायच्या नाहीत. कंडक्टर होता गुणवंता, रामाकोन्याचा. दोघांची जोडी अठरा वर्षांची. जामसांवलीच्या फाट्यावर बस आली की गुणवंता दारातून मारुतीच्या दिशेनं दोनदा हात जोडायचा. एकदा स्वतःसाठी आणि एकदा पुंडलिकरावांसाठी, कारण ड्रायव्हरचे हात स्टेअरिंगवर अडकलेले.

आणि सतरा वर्षांपूर्वीची ती डिसेंबरातली सकाळ. ती गोष्ट या भागातल्या पोरासोरांनाही पाठ आहे.

आमच्याकडच्या बागवानांची एक वाईट खोड आहे. सांगितलं की त्यांना राग येतो, पण मी सांगतोच. संत्र्याचा माल छाटला की जो सडका-फुटका निघतो तो रस्त्याच्या कडेला ओतायचा आणि हात झटकून मोकळं व्हायचं. गुरं खातील म्हणे! गुरं खातात तेवढी खातात, बाकीची ट्रकांच्या चाकाखाली जातात आणि डांबरावर साबणासारखा लगदा होतो. त्यात त्या दिवशी धुकं. रामाकोन्याच्या अलीकडच्या वळणावर बसचं मागचं अंग घसरलं आणि बस आडवी होत नाल्याच्या पुलाकडे निघाली. पुलाला कठडा नव्हता. बसमध्ये बावन्न माणसं. बायांनी एकच हंबरडा फोडला. आणि ऐन वेळेला बस वळली, रस्ता सोडून बाजूच्या बागेत शिरली आणि एका संत्र्याच्या झाडाला नाक लावून उभी राहिली. एका म्हातारीच्या चार बांगड्या फुटल्या, बाकी कोणाला खरचटलंही नाही.

आठवड्याभरात रामाकोन्याच्या स्टँडवर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. त्याचा फोटो आजही पुंडलिकरावांच्या बैठकीत लावलेला आहे. मधोमध पुंडलिकराव, मान खाली घातलेली. लोक म्हणतात, बघा केवढा नम्र माणूस! फोटोच्या कडेला एक कोपर आणि चामड्याची बॅग दिसते. ते गुणवंताचं कोपर. फोटोवाल्यानं त्याला अर्धा कापला होता.

त्या बावन्न जणांत पुंडलिकरावांची दिपाली होती. तेव्हा अकरावीत, मागून तिसऱ्या सीटवर. त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच: माझ्या बाबांसारखा ड्रायव्हर दुनियेत नाही. शाळेत सांगितलं, नर्सिंगच्या होस्टेलात सांगितलं, लग्नानंतर सासरी सांगितलं. आज ती सौसरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. नवरा अमित भोपाळला नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. दिपाली माहेरच्याच गल्लीत खोल्या घेऊन राहते आणि रोज सकाळी पाच वर्षांच्या चंचलला स्कूटीवर पुढे उभं करून सौसरला नेते. चंचलची शाळाही तिकडेच. थंडीत पोरगी काकडते, पावसात दोघी भिजतात. यंदा दिपालीनं ठरवलं, बस्स झालं, कार घ्यायची.

रविवारी सगळे छिंदवाड्याच्या शोरूमला गेले. दिपाली, चंचल आणि अर्थातच पुंडलिकराव. त्यांच्याशिवाय गाडी पसंत व्हायचीच कशी?

शोरूममध्ये केतन नावाचा मुलगा होता. गोड बोलणारा, पण लबाड नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. दिपालीच्या बजेटात दोन मॉडेल बसत होती. किंमत जवळपास सारखी. एकाला छत उघडणारी काच, मोठा स्क्रीन, चमकणारी चाकं. दुसरं अगदी साधं, चाकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या, पण त्यात ईएससी.

"ते काय असते?" दिपालीनं विचारलं.

"मॅडम, वळणावर गाडी घसरली, फिरायला लागली, तर ती स्वतः सांभाळते," केतन म्हणाला. "तुम्ही ब्रेक दाबला तर चारी चाकांना लागतो. ही मशीन पाहते की गाडी कुठं चाललीय आणि स्टेअरिंग कुठं वळलंय. दोन्ही जुळलं नाही की जे चाक पाहिजे त्या एकाच चाकाला ब्रेक लावते, इंजिन ढिलं करते. मी तुम्हाला हेच घ्या म्हणेन."

तोवर चंचल छतवाल्या गाडीत चढून काचेतून वर बघत होती. "आई, यातून आभाय दिसते!"

दिपाली हसली. "भाऊ, तुमी सांगून राहिले ते बराबर असंल. पण हे माझे बाबा. एकतीस वर्षं बस चालवली, एक ओरखडा नाही. संत्र्यावरून घसरलेली बस वळवली यांनी, बावन्न माणसं वाचवली, त्यात मी होती. मले गाडी यांनीच शिकवली. मले काहून पाहिजे ते मशीन?"

केतननं मोठ्या आदरानं पुंडलिकरावांकडे पाहिलं. "मग काका, तुम्हीच सांगा."

शोरूममधली आणखी दोन-चार गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. आणि इथेच आमच्या पुंडलिकरावांनी माती खाल्ली. सवयीनं छाती पुढे आली, सवयीनंच आवाज भारदस्त झाला. "ब्रेक पायात असते अन् स्टेरिंग हातात. बाकी सारी दुकानदारी हाये."

सगळे हसले. केतनही हसला, पण त्यानं जाता जाता भिंतीवरच्या टीव्हीवर एक चित्रफीत लावली. ओल्या रस्त्यावर एक गाडी वळणावर येते, मागचं अंग सुटतं, गाडी आडवी होते. दिपाली तेव्हा कागदावर सह्या करत होती. पुंडलिकराव एकटे बघत उभे होते. त्यांच्या उजव्या पायाची बोटं चपलेत घट्ट आवळली गेली आणि तळपायाला घाम सुटला.

"गुरुवारी दुपारी बिल बनते काका," केतन म्हणाला. "तोवर काही बदलायचं असलं तर एक फोन करा."

सोमवारी दुपारी कलाबाईंनी ताट वाढलं. वरण-भात, वांग्याची भाजी, वर लोणचं. पुंडलिकरावांनी चार घास चिवडले आणि ताट सरकवलं. चाळीस वर्षं संसार केलेली बाई, तिच्यापासून काय लपणार?

"कालपासून पाहून राहिली मी," कलाबाई म्हणाल्या. "पोरीची गाडी ठरली, अन् तुमचं तोंड असं काहून? मनात काय हाये ते बोला, नाही तर जेवा."

पुंडलिकरावांनी उठून दार लोटून घेतलं. मग जे सतरा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते बायकोला सांगितलं.

त्या दिवशी बस त्यांनी वळवलीच नव्हती. म्हणजे हात त्यांचेच होते, पण डोकं त्यांचं नव्हतं. मागचं अंग सुटल्याबरोबर त्यांनी घाबरून ब्रेकवर उभं राहून सगळा जोर दिला. चाकं जाम झाली. स्टेअरिंग फिरवलं तर बस ऐकेना, सरळ पुलाकडे घसरत चालली. जितकी बस घसरली तितका त्यांनी ब्रेक जास्त दाबला. पाय जणू त्यांचा राहिलाच नव्हता. तेवढ्यात दारातून गुणवंता ओरडला, "पुंडल्या, पाय काढ! ब्रेकवरचा पाय काढ!" त्यांनी पाय काढला. चाकं फिरली, स्टेअरिंगला जीव आला आणि बस बागेकडे वळली.

"बाया वरडून राहिल्या होत्या, मागं कोणालेच ऐकू नाही गेलं," पुंडलिकराव म्हणाले. "लोकांनी मले खांद्यावर घेतलं. मले वाटलं, आता सांगतो, मंग सांगतो. अन् कला, खरं सांगू? त्यानं मले पुंडल्या म्हटलं होतं. अठरा वर्षं भाऊ म्हणणारा माणूस. ते मले लागलं. माह्या पोरीचा जीव वाचवला त्यानं, अन् मी धरून बसलो, मले पुंडल्या काहून म्हटलं!"

कलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, देवमाणूस म्हणायचं का गाढव म्हणायचं तुमाले?"

"काहीबी म्हण."

"मंग दिपूले सांगा ना."

"तिचा सारा भरवसा माह्यावर हाये. लोकाईचा हाये."

"भरवसा ठेवून ती बिनमशीनची गाडी घेऊन राहिली," कलाबाईंचा आवाज चढला. "त्या गाडीत चंचल बसन. रोज सौसरचा रस्ता. धुकं पडन, ट्रकावाले येतीन, अन् संत्री तर आपले लोक फेकतातच. तुमाले तुमचा मान मोठा का नात मोठी, तेवढं सांगा. अन् सांगाचंच असंल तर ज्याची शाल पांघरली त्याच्या समोर सांगा. घरात कुजबुजू नोका."

बाईनं खरं ते तोंडावर सांगितलं. पुंडलिकराव चूळ भरून आले. मग ताट पुन्हा ओढून गार झालेला भात सगळा संपवला.

बुधवारी दिपालीला सुट्टी होती. पुंडलिकराव म्हणाले, गुणवंताकडे जायचं आहे, चल. दिपालीला वाटलं, गाडीचे पेढे द्यायचे असतील. चंचलला घेऊन तिघं बसनं निघाले. बापाला सीटवर बसून खिडकीबाहेर बघत प्रवास करताना बघून दिपालीला गंमत वाटत होती. "बाबा, ड्रायव्हर बरा हाये ना?" तिनं चिडवलं. पुंडलिकराव हसले नाहीत. वळण आलं, पूल आला. पुलाला आता कठडा झाला आहे. त्यांनी चंचलला मांडीवर घट्ट धरलं आणि पूल जाईपर्यंत सोडलं नाही.

गुणवंता बागेतच होता. दीड एकराची बाग, तीही भावाबरोबर वाटणीतली. माणूस वाळून काटकुळा झालेला, पण डोळे तसेच लुकलुकते. "अरे बाप्पा! पुंडलिकभाऊ! फोन तरी करायचा!" असं म्हणत त्यानं खाट झाडून दिली, चंचलच्या ओंजळीत संत्री घातली.

पुंडलिकराव खाटेवर बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "दिपू, ध्यान देऊन ऐक. त्या दिवशी तुले मी नाही वाचवलं. यानं वाचवलं."

आणि मग सगळं सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही. घाबरलो, हेही सांगितलं. दिपाली ऐकत होती. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग पडला. सतरा वर्षं जी गोष्ट अभिमानानं सांगितली ती बाप तिच्याच समोर मोडत होता. पुंडलिकरावांना तिच्याकडे बघवेना, पण बोलणं त्यांनी थांबवलं नाही.

"मी चांगला ड्रायव्हर होतो बाई, खोटं नाही सांगत. एकतीस वर्षं होतो. पण त्या चार सेकंदांत नव्हतो. डोकं बंद झालं अन् पाय ब्रेकवर चिकटला. मले यानं वाचवलं, म्हणून तू हायेस, म्हणून हे लेकरू हाये. तुह्या गाडीत गुणवंता नसन. म्हणून म्हणतो, ते मशीन घे. ते काही जादू नाही, टायर गुळगुळीत असले, वेग बेफाम असला, तर तेबी काही नाही करू शकत. पण ते घाबरत नाही. परवा शोरूममधी मी जे बोललो ते फुशारकीनं बोललो. माफ कर मले."

मग गुणवंताकडे वळून त्यांनी हात जोडले. "अन् तू. सतरा वर्षं तुह्या हक्काचं मी वापरलं. एका शब्दानं तू कोणाले बोलला नाही. कसं फेडू सांग?"

गुणवंता कावराबावरा झाला. डोक्यावरचं उपरणं काढून हातात पिळत राहिला. "कायचं फेडता भाऊ! मीच तोंड लपवून होतो. तुमाले पुंडल्या म्हटलं मी. अन् तू-तडाक केलं. माह्यापेक्षा वयानं मोठे, माह्या पोराच्या आजारात पदरचे पैसे देणारे तुमी. मले वाटे, ही गोष्ट निघाली की तुमी म्हणान, गुणवंता, तुले लाज नाही वाटली? म्हणून मी बोललोच नाही."

दोन म्हातारे एकमेकांकडे बघत उभे. एकाला राग त्याच शब्दाचा आणि दुसऱ्याला लाज त्याच शब्दाची, आणि त्यापायी सतरा वर्षं दोघं मूग गिळून बसलेले! काय म्हणावं यांना? चंचल तेवढी संत्रं सोलत होती.

"पण तुले कसं समजलं, पाय काढाचा म्हणून?" पुंडलिकरावांनी शेवटी विचारलं. एवढी वर्षं हाही प्रश्न पोटातच होता.

"ट्रॉलीवर भाऊ. बागेतल्या चिखलात भरलेली ट्रॉली घसरली की बाप वरडे, चाक नोको थांबवू, चाक थांबलं की ट्रॉली आपल्या मनानं जाते. तेच तोंडात आलं." गुणवंतानं उपरणं खांद्यावर टाकलं. "अन् एक सांगतो. वरडणारा कोणीबी वरडते. तुमच्या जागी दुसरा डायवर असता तर कंडक्टरचं ऐकलं नसतं. आणखी जोरानं ब्रेक दाबला असता. तुमी ऐकलं. म्हणून मीबी हाये. मीबी त्याच गाडीत होतो ना भाऊ!"

पुंडलिकरावांना रडू कोसळलं. सगळ्यांसमोर, खाटेवर बसून, लहान पोरासारखं. लाज वाटली नाही. उलट छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं बरं वाटत होतं.

दिपाली पुढे आली. तिनं आधी गुणवंताच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "काका, मले काहीच माहीत नव्हतं," एवढंच तिला म्हणता आलं. मग तिनं पर्समधून फोन काढला आणि केतनला लावला. बागेत चांगली रेंज नव्हती, म्हणून स्पीकर सुरू करून तिनं फोन उंच धरला.

"भाऊ, छतवाली गाडी नोको. ईएससीवाली द्या. कालची सही बदला, परवाची, जी असंल ती."

"जी मॅडम, आज बुधवार आहे, होऊन जाईल," पलीकडून केतनचा आवाज आला. "पण अचानक? रविवारी तर काका सगळ्यांसमोर म्हणाले, ही दुकानदारी आहे. आता तुम्हाला कोणी सांगितलं?"

दिपालीनं खाटेवर डोळे पुसत बसलेल्या बापाकडे पाहिलं. 

"त्याच काकांनी सांगितलं. एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरनं."